मायचा मुराळी

चार वाजले की माझं दुकानात लक्ष लागत नाही. जळगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात शेतातल्या पंपाच्या मोटारी अशा काही जळून येतात की दाराबाहेर रांग लागते. केळीवाले तर डोक्यावरच बसतात. बागेला वेळेवर पाणी मिळालं नाही तर झाडं माना टाकतात, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. पण चार वाजले की मी शटर ओढतो. "अहो शेठ, आत्ताशी तर दुपार आहे," एखादा ओरडतो. "घरची मोटार बिघडली आहे, ती बघायला चाललो," असं सांगून मी निघतो. लोक हसतात. हसू दे.

घरी माय असते. ऐंशी कधीच ओलांडलेली, हाडापेरानं बारीक, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. दिवसा भेटलात तर तुम्ही म्हणाल, या बाईला काय झालंय? सकाळी चहात साखर कमी पडली म्हणून ती माझ्या बायकोला सुनावते. मेथी निवडते, आणि निवडता निवडता भाजीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मला कधी कधी माझ्या बहिणीच्या नावानं हाक मारते, पण मी तिचा आंडोर, म्हणजे मुलगा, हे दिवसा तिला पक्कं ठाऊक असतं. ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीमागे सरकलं, की मात्र कुठेतरी काहीतरी निसटतं. आधी ती गप्प होते. मग लुगड्याचा पदर बोटांनी चोळत बसते. मग उठते, कपाटातून दोन लुगडी, एक चोळी आणि कंगवा काढते, त्यांचं गाठोडं बांधते आणि दारापाशी जाऊन बसते.

"कोठे जाई ऱ्हायनी माय?" पहिल्यांदा मी विचारलं, तेव्हा तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी एखादी नवी नवरी घरातल्या परक्या पुरुषाकडे पाहते.

"आखाजी उनी. माले लेवाले भाऊ येनार शे."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी आंबरस खातात आणि सोनं घेतात, आमच्या खानदेशात सासुरवाशिणी माहेरी जातात. त्यांना न्यायला माहेरचा माणूस येतो. तो मुराळी. आपण होऊन माहेरी निघायची पद्धत नव्हती. मुराळी आला, त्याला जेवू घातलं, सासूनं होकार दिला, की मगच निघायचं. माझ्या मायचं माहेर पारोळ्याजवळच्या एका खेड्यात. तिचा मुराळी म्हणजे तिचा धाकटा भाऊ, माझा मामा. तो तिला अक्का म्हणायचा. मामा वारला त्यालाही बरीच वर्षं झाली. त्याचं तेराव्याचं जेवण मायनं स्वतः वाढलं होतं. आता रोज संध्याकाळी ती त्याच मामाची वाट बघते.

वाट बघून भागलं असतं तरी चाललं असतं. एकदा बायको गॅसवर दूध ठेवायला आत गेली, तेवढ्यात माय गाठोडं घेऊन निघाली. पारोळा पश्चिमेला, आणि ही बाई पोहोचली पूर्वेला, नशिराबादच्या वाटेवर. हायवेला. डंपर, ट्रॅव्हल्स, केळीच्या गाड्या, सगळं अंगावरून जातंय आणि ही रस्त्याच्या कडेनं आपली तुरुतुरु चाललेली. एका रसवंतीवाल्यानं तिला बाकावर बसवून रस पाजला आणि लोकांना विचारत विचारत माझ्यापर्यंत निरोप पोहोचवला. मी हातातलं काम टाकून धावत गेलो. ती मात्र मजेत बसली होती. मला म्हणाली, "बरा मानूस शे हाऊ. गाडीनं विचारी देस." गाडीचं विचारून देतो म्हणे.

त्या दिवसापासून दाराला वरच्या बाजूला एक कडी बसवली. मीच बसवली, भोकं मीच पाडली. आणि त्या कडीनं आमची उरलीसुरली अब्रू गेली. माय दार बडवायची. "कोंडं माले, ओ बाया, कोंडं माले!" सगळी कॉलनी ऐकायची. शेजारच्या ताई दोनदा विचारून गेल्या, तिसऱ्यांदा नुसत्या बघून गेल्या. त्या बघण्याची मला जी चीड यायची, विचारू नका. वाटायचं, एका संध्याकाळपुरतं माझ्या घरात बसून दाखवा, मग बघा माझ्याकडे तसं.

माझी बहीण धुळ्याला असते. ती आली दोन दिवस. तिला खोटं बोललेलं खपत नाही, लहानपणापासूनच. पहिल्याच संध्याकाळी मायजवळ मांडी घालून बसली आणि समजावून सांगू लागली. "माय, मामा आता नाही. मामा वारला. आपण सगळे गेलो होतो ना?" मायनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं जो टाहो फोडला! छाती बडवून घेतली, जमिनीवर डोकं आपटायला निघाली, "मना भाऊ, मना भाऊ" करत. आम्ही तिघं तिला धरून बसलो. तिच्यासाठी मामा त्या घटकेला गेला होता. बहिणीचा चेहरा पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माय चहा मागून प्यायली आणि संध्याकाळी पुन्हा गाठोडं बांधून बसली. बहीण धुळ्याच्या गाडीत बसताना म्हणाली, "भाऊ, मी परत कधीच सांगणार नाही रे तिला." आणि रडली.

डॉक्टरांनी आम्हाला शांतपणे सांगितलं. या आजारात दिवस कलला की असं होतं पुष्कळ जणांना. उजेड कमी होतो, अंग थकलेलं असतं, सावल्या पडतात, आणि मेंदू आधीच वाट चुकलेला असतो. अंधार पडण्याआधी दिवे लावा, दुपारी फार झोपू देऊ नका, वाद घालू नका, तिच्या कलानं घ्या. गोळ्याही दिल्या. मी विचारलं, "बरी होईल?" डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सांभाळा." माझ्याकडे जळालेली मोटार आली की मी उघडून सांगतो, इथे शॉर्ट झालंय, एवढी तार लागेल, परवा न्या. त्या डॉक्टरांचा मला राग आला आणि कीवही आली.

मला एवढंच हवं होतं: तिची संध्याकाळ रडल्याशिवाय जावी. तिनं मला ओळखलं नाही तरी चालेल, असंसुद्धा मी त्या दिवसांत म्हणून गेलो होतो. म्हणायला काय जातं?

मग माझ्या बायकोनं एक शक्कल काढली. आमच्याकडे तिन्हीसांजेला सासुरवाशिणीला घराबाहेर पाठवत नाहीत. दिवेलागणीला लक्ष्मी बाहेर जाते म्हणतात. बायकोनं डोक्यावरून पदर घेतला, कमरेवर हात ठेवले आणि मायला म्हणाली, "तिन्हीसांजा झाल्या. आता कुठे निघालीस? उद्या सकाळी जा, मी काही नाही म्हणत नाही." आणि काय सांगू, माय मुकाट्यानं उठली! गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि "बरं आत्याबाई," म्हणाली. मला हसू आवरेना. तीस वर्षं जिनं माझ्या बायकोला भाकरीच्या जाडीवरून बोल लावले, ती तिला सासू समजून खाली मान घालून उभी! "आता काढ सगळं उट्टं," मी बायकोला म्हटलं. तीही हसली. खूप दिवसांनी त्या घरात दिवेलागणीला कुणीतरी हसलं.

आठवडाभर बरं चाललं. मग माय बायकोला भ्यायला लागली. ऊन कललं की तिच्या आसपास घुटमळायची, न सांगता भांडी घासायला बसायची, घासलेलीच पुन्हा घासायची. एकदा मी दुकानातून आलो तर बघतो, माय बायकोच्या पायाशी बसलीये, दोन्ही हातांनी तिचे पाय धरलेत. "जाऊ द्या ना आत्याबाई. दोन दिवस. बठ्ठं काम करीसन जास मी." सगळं काम करून जाते म्हणे. बायको तिला उठवतेय आणि स्वतः हमसून हमसून रडतेय. त्या रात्री ती मला स्पष्ट म्हणाली, "मला नाही जमणार हे. त्यांनी मला कितीही छळलं असेल, पण असे पाय नाही धरून घेणार मी त्यांच्याकडून." माझ्या आजीनं मायला किती जाच केला असेल, ते मला त्या दिवशी कळलं. आजी माझ्याशी फार गोड होती.

तेव्हा मला सुचलं. मुराळी हवाय ना? मुराळी येईल.

मामाची आठवण म्हणून घरात त्याची एक पांढरी टोपी होती. मी ती घातली. अंगात पांढरा सदरा, आणि मामासारखा पायजमा घोट्याच्या वर. चाळिशीनंतर मी मामासारखा दिसायला लागलो, असं सगळे म्हणायचेच. मागच्या दारानं बाहेर पडलो, पुढच्या दारानं आत आलो आणि उंबऱ्यातून हाक मारली, "अक्का!"

तिचा चेहरा मी कसा सांगू? वाटलं, घरातला वीजपुरवठाच सुरू झाला. "उना रे भाऊ!" उठून उभी राहिली, गाठोडं हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं. "किती वाट देखी. ऊन लागनं का? बैस, बैस." आणि मग मला म्हणाली, आधी जेव. मुराळ्याला उपाशी कसं नेणार? तो माहेरचा पाहुणा. बायकोनं चटकन ताट केलं. पण मायनं ते तिच्या हातून घेतलं, स्वतः वाढलं, समोर बसली, आणि "आखो ले, आखो ले" करत माझ्या ताटात भाकरी टाकत राहिली. दोन वर्षांत तिनं कुणाला वाढलं नव्हतं. मी मान खाली घालून खात होतो. वांग्याच्या भाजीत माझे अश्रू पडत होते, पण तिला वाटलं तिखट लागलं, तर तिनं गूळ आणून दिला.

मग दुकानाची व्हॅन काढली. मागे दोन मोटारी, तेलाचा डबा, पुढे माझ्याशेजारी माय, मांडीवर गाठोडं. पारोळा रस्त्यानं थोडं जायचं, दोन्ही बाजूंची वावरं दाखवायची, मग एका फाट्यावरून आत शिरून फिरून फिरून घरी मागच्या बाजूनं यायचं. तोवर तिचं मन निवलेलं असायचं. वाटेत ती मला तिच्या मायबद्दल विचारायची, गायीबद्दल विचारायची. मी ठोकून द्यायचो. "माय वाट देखी ऱ्हायनी. झोका बांधी ठेवा शे निंबले." ती हसायची. आखाजीला लेकी झोक्यावर गातात ते गौराईचं एखादं गाणं गुणगुणायची, शब्द अर्धे विसरलेले. घरी उतरली की बायको म्हणायची, "या अक्का, दमल्या असाल," आणि माय निवांत पलंगावर पडायची. तिच्या मनात ती माहेरी पोहोचलेली असायची.

रोज आखाजी! रोज भाऊ, रोज माहेर. मी तर हवेतच होतो. बहिणीला फोन करून सांगितलं, "बघ, मी तिचा फॉल्ट शोधून काढला." ती म्हणाली, "भाऊ, तू तर मामाच झालास." गिऱ्हाइकांशीही मी त्या दिवसांत बरा वागलो म्हणे. कडी काढून टाकली. भोकं राहिली, ती बुजवायची होती.

खरी आखाजी जवळ आली तसे कॉलनीत मुराळी दिसू लागले. आता मुराळी म्हणजे मोटारसायकलवर आलेला भाऊ, नाहीतर नुसता फोन. तरी लेकी येत होत्या, पोरंबाळं घेऊन. अशाच एका संध्याकाळी मी नेहमीसारखा टोपी घालून आलो, जेवलो, व्हॅन काढली. पारोळा रस्त्याला लागलो. माय नेहमीसारखी बोलत नव्हती. गाठोडं चाचपत होती. मग तिनं एकदम माझा हात धरला, गिअरवरचा.

"भाऊ, गाडी फिराव."

"काबर अक्का?"

"पोऱ्या घर राही गया. मना पोऱ्या. एकला शे."

मी म्हटलं, "कोणता पोऱ्या?" विचारलं आणि विचारतानाच मला कळलं.

ही गोष्ट मायनं मला शंभरदा सांगितली होती. मी चार वर्षांचा असेन. त्या आखाजीला मामा न्यायला आला, तर आजीनं अट घातली, जा, पण लेकरू ठेवून जा. लेकरू ठेवलं की सून लवकर परत येते, असा हिशेब. तेव्हाच्या सासवा करायच्या तसं. माय मला ठेवून गेली. मला दिवेलागणीची भीती वाटायची म्हणे. घरात कंदील एकच आणि कोपरे मोठे. मी संध्याकाळभर दाराशी रडत बसलो. ती माहेरी गेली, पण तिला अन्न गेलं नाही, झोका नाही, गाणी नाहीत. दुसऱ्याच दिवशी ती परत निघाली. लोक हसले, आखाजीला आलेली लेक आखाजीच्या आत परत चालली म्हणून. मला यातलं काहीच आठवत नाही. फक्त ती सांगायची म्हणून ठाऊक. सांगताना ती शेवटी माझ्या डोक्यावर टपली मारायची आणि म्हणायची, "तुनामुये मनी आखाजी गई."

आणि आता व्हॅनमध्ये ती त्याच आखाजीला होती. "तो भ्यास अंधारले. फिराव ना रे गाडी!" तिनं दाराचा खटका ओढायला सुरुवात केली. मी कडेला घेतली, फिरवली. काय करणार? घरापर्यंत ती पुढे झुकून काचेतून बघत होती.

घरात शिरली ती थेट दारामागे. मग पलंगाखाली वाकली. या वयात, त्या गुडघ्यांनी! मग धान्याच्या कोठीमागे, मग न्हाणीघरात. "सोन्या! ए सोन्या! माय उनी रे!" सोन्या म्हणायची ती मला. मोठा झाल्यावर कधी म्हणाली नव्हती. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी टोपी काढली आणि तिच्यासमोर उभा राहिलो.

"माय. मीच आहे. मी सोन्या. बघ ना, मी इथेच आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे पांढरे केस, माझं पोट, तारेनं कापलेले माझे हात. तिला राग आला नाही, तेच जास्त लागलं. तिनं नुसती समजूत घातली माझी. "भाऊ, मस्करी नको करू. पोऱ्या कोठे गया ते देख."

मी ते पोरगं कुठून आणणार?

त्यानंतर गाठोडं बांधणं बंद झालं. मुराळी आला तरी ती उठत नाही. मी दोन-तीन वेळा टोपी घालून "अक्का" म्हणून बघितलं, तर ती म्हणते, "मी नही येत. पोऱ्या सापडू दे." ऊन टाकीमागे गेलं की ती शोधायला लागते. घरातले सगळे दिवे लावलेले, एकही कोपरा काळा नाही, आणि तरी तिला अंधारच दिसतो, अंधारात तिचं पोरगं दिसतं. डॉक्टरांनी गोळी बदलली. माझा लहानपणचा फोटो दाखवून झाला. तिनं तो पदरानं पुसला, छातीशी धरला आणि विचारलं, "हाऊ तठे शे का?" तिथे आहे का हा? म्हणजे शोध आणखी वाढला. मी फोटो काढून घेतला. बायको तिच्याबरोबर शोधते. पलंगाखाली वाकून बघते आणि म्हणते, "इथे नाही हो, पलीकडे बघू." तेवढाच आधार.

भाऊ व्हायला मला एक टोपी पुरली. मुलगा मी आहेच, आणि त्याचाच काही उपयोग नाही. चिडून एकदा मी बायकोला म्हटलं, "अगं, साठीला आलेला माणूस मी, माझ्याच घरात हरवलोय!" हसायला म्हणून बोललो, पण दोघांनाही हसू आलं नाही.

परवाची गोष्ट. मी दुकानातून आलो तर ती दमून उंबऱ्यावर बसली होती. मी शेजारी टेकलो. टोपी घातलेली नव्हती, तरी तिनं मला भाऊ समजून माझा हात हातात घेतला. रस्त्यावरून मुलं क्रिकेट संपवून घरी चालली होती. एकेकाचा चेहरा ती बघत होती. मग मला म्हणाली, "भाऊ, तू गावभर फिरस. तुले तो दिसना ते सांग त्याले."

"काय सांगू अक्का?"

"माय कोठे गई नही म्हना. आठेच शे. दारमा बसेल शे. रडू नको म्हना."

मी म्हटलं, "सांगस अक्का." ती माझा हात थोपटत राहिली. मी रडत होतो, आणि ती रस्त्याकडे बघत होती, मी कधी येतो म्हणून.